बोनेट उघडायचं नाही

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात. कान्होजीरावांच्या घरात सुंभ नेमका कधी जळाला हेच कुणाला आठवत नव्हतं, पीळ मात्र शाबूत होता. त्यांचे आजोबा ग्वाल्हेरातल्या एका सरदार घराण्याच्या पागेत शिलेदार होते. स्वतः कान्होजीरावांनी महाराज बाड्यावरच्या एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन नोकरी काढली आणि ती बंदूक चालवायची वेळ एकदाही आली नाही. मुलगा समरजीत दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर झाला. तरी जेवायला बसताना म्हातारा एकदा तरी 'आपण शिलेदार' असं म्हणायचा, आणि सून गरिमा पोळी वाढता वाढता 'हो आबा' म्हणायची.

समरजीत ज्या पिकअपवर होता ती मालकानं दिवाळीनंतर विकून टाकली आणि तेव्हापासून समरजीत घरी बसला. दालबाजारातला एक आडत्या त्याला ओळखत होता. तो म्हणाला, स्वतःची गाडी आण, डाळीच्या पोत्यांचं कायमचं काम तुझं. पण महिनाभरानंतरच्या सोमवारी गाडी दारात दिसली पाहिजे, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. स्वतःची गाडी आणायची कुठून? नोकरी नसलेल्या माणसाला कर्ज कोण देतो? शेवटी गरिमानंच मन घट्ट केलं. जयेंद्रगंजातल्या ज्या दोन खोल्यांत कान्होजीरावांचा जन्म गेला त्या सोडायच्या बदल्यात घरमालक रक्कम द्यायला कधीचा टपून होता. ती रक्कम घेतली. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या.

हिशेब साधा होता, आणि म्हणूनच भयंकर होता. गाडी नीट मिळाली तर काम सुरू होईल आणि भाड्यानं कुठेतरी जागा घेता येईल. गाडी खोटी निघाली तर पैसा गेला, काम गेलं, आणि घर तर आधीच गेलेलं.  एकच डाव होता आणि तो चुकायची मुभा नव्हती.

तसा तो गाड्यांच्या बाबतीत कच्चा नव्हता. महिनाभर त्यानं सगळा जुन्या गाड्यांचा बाजार पालथा घातला. इंजिन थंड असतानाच बघायला जायचा, धूर कसल्या रंगाचा येतो ते पाहायचा, गाडीखाली पडून गंज खरवडायचा. दलाल त्याला पाहिलं की कपाळाला हात लावायचे. पण चांगली गाडी आवाक्याबाहेरची होती, आणि आवाक्यात बसणारी प्रत्येक गाडी भंगाराच्या लायकीची निघत होती. सोमवार जवळ येत चालला.

अशात कान्होजीरावांनी शुक्रवारी संध्याकाळी जाहीर केलं की गाडी मिळाली. त्यांच्या सरदारांचे वंशज विक्रमसिंह, म्हणजे म्हाताऱ्याचे 'राजे', शहराच्या कंपू भागात लग्नाच्या मांडवांचा धंदा करत होते. त्यांना आपली पिकअप विकायची होती. म्हाताऱ्यानं फोनवरच होकार देऊन टाकला होता. किंमत बाजारापेक्षा बरीच कमी होती. समरजीतनं विचारलं, एवढी कमी का? म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं देव्हाऱ्यातल्या देवाचा भाव विचारला.

"राजांची गाडी आहे," ते म्हणाले. "तिथे तुझे ते बाजारातले धंदे करायचे नाहीत. बोनेट उघडायचं नाही, खाली वाकायचं नाही. ज्यांच्या पागेत आपल्या तीन पिढ्या जेवल्या त्यांच्या वस्तूला हात लावून बघायचं म्हणजे त्यांना चोर म्हणण्यासारखं आहे."

गरिमानं रात्री समरजीतला विचारलं, "तुम्ही बघाल ना तरी?" तो म्हणाला, "बघतो." कसं बघणार ते त्यालाही माहीत नव्हतं.

सकाळी बाहेर दाट धुकं होतं. समरजीतनं पैशांची पिशवी स्वेटरच्या आत धरली होती. गरिमानं पूजेचं सामान वेगळ्या रुमालात बांधून दिलं होतं: हळदकुंकू, नारळ आणि चाकांखाली ठेवायला लिंबं. ती मनातून घाबरलेली होती, पण पूजा करताना तरी गाडीचं तोंड नीट दिसेल, एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं.

विक्रमसिंहांचं गोदाम म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. आत गालिच्यांच्या वळकट्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली नवरानवरीची सोनेरी सिंहासनं, आणि मध्ये पांढरी पिकअप. शटर खुद्द विक्रमसिंहांनीच वर केलं. नोकर दिसत नव्हता. पन्नाशीचा माणूस, मिशीला कलप, अंगात चांगलं पण कोपरावर विरलेलं जाकीट. कान्होजीरावांनी वाकून मुजरा केला. विक्रमसिंह गडबडले. त्यांना आज बहुधा गिऱ्हाईक अपेक्षित होतं, मुजरा नव्हे.

तरी त्यांनी सुरुवात बाजारातल्यासारखीच केली. गाडी एकदम मक्खन आहे, दोन महिन्यांपासून हलवलेली नाही, एका हातावर चाललेली आहे, टायर बघा, रंग बघा. बोलता बोलता त्यांची नजर कान्होजीरावांकडे गेली. म्हातारा हात बांधून, मान थोडी खाली घालून, प्रत्येक शब्दाला 'जी' म्हणत होता. गाडीकडे त्यानं अजून पाहिलंही नव्हतं. विक्रमसिंहांचं बोलणं मध्येच अडलं.

"एकदा स्टार्ट करून बघता का?" त्यांनी विचारलं.

कान्होजीराव म्हणाले, आपण म्हणालात ना, झालं.

विक्रमसिंहांनी घसा खाकरला. निदान बोनेट तरी उघडून बघा, ते म्हणाले, समर ड्रायव्हर आहे, त्याला कळतं. समरजीतचा हात झटकन पुढे गेला. "समर," एवढंच म्हातारा बोलला आणि हात जिथल्या तिथे थांबला. चाळिशीला आलेला माणूस, बापाच्या एका हाकेसरशी शाळकरी पोर झाला. मनातल्या मनात तो जळत होता. धर्माची गाय असती तर दात का नाहीत असं विचारलं नसतं. पण ही धर्माची नव्हती, ही घर सोडून घ्यायची होती.

मग विक्रमसिंह म्हणाले, एक चक्कर मारून आणा, अगदी हॉस्पिटलच्या चौकापर्यंत. त्यांच्या आवाजात आता विकणाऱ्याचा उत्साह नव्हता, आग्रह होता, आणि तो आग्रह समरजीतला विचित्र वाटला. विकणारा माणूस गिऱ्हाइकाला गाडी तपासायला इतकं का विनवेल? कान्होजीरावांनी हसून नकार दिला. आजोबांना सरदारांनी घोडा बक्षीस दिला तेव्हा आजोबांनी फिरवून पाहिला नव्हता, ते म्हणाले. विक्रमसिंहांनी मान फिरवली आणि गालिच्यांकडे पाहत राहिले.

कान्होजीरावांनी मुलाला पूजा उरकायला सांगितली. पूजा झाली की पैसे द्यायचे आणि चावी घ्यायची. त्यांच्या लेखी सौदा कालच झाला होता.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, समरजीतला कुंकवाचा मिळाला. पूजेला आबा अडवणार नव्हते. त्यानं बोनेटवर स्वस्तिक काढायला बोटं टेकवली आणि ती तिथेच थांबली. कडाक्याच्या थंडीत पत्रा ऊनऊन होता. दोन महिने न हललेली गाडी आपण यायच्या आधी कुणीतरी चालवून तापवली होती. इंजिन थंड असताना आपली दुखणी बोलतं, ती बोलू नयेत म्हणून.

तो चाकांकडे वळला. प्रत्येक चाकाला कुंकू लावायला जितकं वाकायला हवं त्याहून जास्त वाकला. पुढचे टायर बाहेरून नव्यासारखे होते, आतल्या कडेनं पार गुळगुळीत. कॅबिन आणि मागचा माल भरायचा डाला यांच्यामधली फट एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला त्याच्या दुप्पट. गाडी कुठेतरी वाकलेली होती. पण वाकलेली वेगळी आणि तुटलेली वेगळी, आणि ते खालून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. त्यानं पुढच्या चाकाखाली एक लिंबू ठेवलं, दुसऱ्या चाकाखाली दुसरं, आणि तिसरं मुद्दाम आत ढकललं.

"लिंबू आत गेलं, आबा," तो म्हणाला, आणि जमिनीवर पालथा पडून गाडीखाली शिरला.

खाली अंधार होता आणि ताज्या काळ्या रंगाचा वास होता. काही दिसत नव्हतं. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी गुडघे टेकले, मग कोपर टेकले, आणि मोबाइलचा उजेड आत आला. विक्रमसिंह होते. लिंबू समोर स्वच्छ दिसत होतं, पण उजेड लिंबावर नव्हता. उजेड वर होता, गाडीच्या कण्यावर, म्हणजे ज्या लोखंडी पट्टीवर सगळा भार बसतो त्या चेसिसवर, आणि अजिबात हलत नव्हता. तिथे रंगाखाली वेल्डिंगची जाड रेघ आरपार गेलेली होती आणि वरून पट्टी ठोकलेली होती. दुसऱ्या बाजूलाही तसंच. अपघातात तुटलेली गाडी जोडून, रंगवून उभी केलेली होती. डाळीची पोती भरली की कधीतरी, एखाद्या उतारावर, ती त्या रेघेपाशी दोन तुकडे होणार होती.

समरजीतनं मान वळवली. विक्रमसिंहांचा चेहरा हातभर अंतरावर होता, मातीत टेकलेला.

"दिसलं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"दिसलं."

"मग वर जाऊन बोल ना, भाई. मी केव्हापासून सांगायला बघून राहिलो, माझ्या तोंडातून निघत नाही. ते असे हात जोडून उभे राहतात."

समरजीत तिथेच क्षणभर पडून राहिला. त्याला बाहेर यावंसंच वाटेना. गाडीखाली निदान सोमवार नव्हता. एकदा मनात असंही येऊन गेलं की जोडलेल्या गाड्याही चालतात, कमी माल भरू, हळू चालवू, वर्ष तरी निघेल. फसवायला दुसऱ्याची गरज नसते, गरजू माणूस ते काम स्वतःच नीट करतो. मग त्याला ती रेघ पुन्हा दिसली आणि तो सरपटत बाहेर आला.

कपडे न झटकताच तो म्हणाला, "आबा, गाडी घ्यायची नाही. चेसिस तुटलेली आहे. जोडून रंगवलीय."

कान्होजीरावांनी आधी त्याच्या मळलेल्या स्वेटरकडे पाहिलं. तो लिंबासाठी खाली गेला नव्हता हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि खरंखोटं विचारायच्या आधी त्यांचा हात उठला. मारला नाही, पण उठला. सरकारांची माफी माग, ते म्हणाले. 

"कान्होजीराव, तो खरं बोलून राहिला आहे," विक्रमसिंह म्हणाले. एकदा तोंड फुटल्यावर त्यांनी भराभरा सगळं सांगितलं. पावसाळ्यात शिवपुरीच्या रस्त्यावर त्यांच्या ड्रायव्हरनं मांडवाच्या सामानासकट गाडी उलटवली होती. धंदा गेल्या दोन हंगामांत बसलेला, घेणेकरी दारात. गाडी जोडून घेतली, रंग दिला, आणि कुणालातरी विकायची ठरवली. आज पहाटे तापवूनही ठेवली होती. "कुणी बाजारातलं असतं तर मी गप्प बसलो असतो," ते म्हणाले. "तुम्ही मुजरा केला आणि माझं सगळं बिघडलं."

 समरजीतला वाटलं, आता आबा कोसळतील. कोसळले असते तर बरं झालं असतं. ते ताठ झाले.

"राजांना अडचण आहे," ते समरजीतला म्हणाले, जणू विक्रमसिंह तिथे नव्हतेच. "त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं, आणखी काय पाहिजे? मी काल शब्द दिला आहे. पिशवी दे."

 आजवर समरजीतनं या माणसाला नाही म्हटलं नव्हतं. लग्न त्यांच्या मर्जीनं, शाळा त्यांच्या मर्जीनं सोडली, दरवर्षी दसऱ्याच्या मुजऱ्याला या शेडच्या दाराशी त्यांच्या मागे उभा राहिला. पिशवी त्यानं दोन्ही हातांनी धरली.

"नाही देणार," तो म्हणाला. "आबा, ही गाडी तुटेल तेव्हा आत मी असेन. तुमचा शब्द नसेल, मी असेन."

"तुझा पणजोबा या घराण्यासाठी..."

"पणजोबाचा घोडा चार पायांवर उभा होता, आबा."

म्हाताऱ्यानं पिशवीला हात घातला. खरोखर घातला, आणि ओढली. समरजीतनंही ओढली. बाप आणि लेक राजांच्या समोर, सोनेरी सिंहासनांच्या मधोमध, कापडी पिशवीसाठी झोंबत होते, आणि दोघांनाही लाज वाटत होती पण सोडत कुणीच नव्हतं. शेवटी विक्रमसिंह मध्ये आले. त्यांनी कान्होजीरावांचे हात धरून बाजूला केले आणि म्हणाले की तुम्हाला मी ही गाडी विकतच नाही, शब्द मी परत केला. थोड्या वेळात भितरवार गावाकडचा कुणी येणार आहे, त्याला देईन. तुम्ही घरी जा.

"त्याला सांगणार?" समरजीतनं विचारलं.

विक्रमसिंहांनी कपाळावरची माती पुसली. "त्यानं विचारलं तर सांगीन."

कान्होजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, नीट, चेहऱ्याकडे पाहिलं. मुजऱ्यात मान खाली असते, त्यामुळे इतक्या वर्षांत तो चेहरा त्यांनी असा पाहिला नसावा. मग त्यांनी पुन्हा मुजरा केला, पण तो आधीइतका खाली गेला नाही, आणि ते बाहेर पडले.

बाहेर धुकं थोडं विरळ झालं होतं. फाटकाशी एका मोटारसायकलवरून नवराबायको उतरत होते. दोघंही तरुण, थंडीनं काळेनिळे पडलेले. बायकोनं शालीखाली काहीतरी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं होतं. काय धरलं होतं ते समरजीतला विचारावं लागलं नाही.

नवऱ्यानं कान्होजीरावांचं वय पाहून त्यांनाच नमस्कार केला. "बाबूजी, आप भी पिकअप देखने आए थे? मुझे तो गाड़ी की कुछ समझ नहीं, पहली बार ले रहा हूँ. सब बोले, राजा साहब की है, आँख मूँदकर ले लो."

समरजीतनं वळून पाहिलं. मागे शटरशी विक्रमसिंह येऊन उभे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. आपण सांगितलं तर ते आजच बुडतील, आणि आबा आपल्याला जन्मात माफ करणार नाहीत. नाही सांगितलं तर ही बाई त्या गाडीत बसेल. तो शब्द जुळवत राहिला आणि तेवढ्यात म्हातारा बोलला.

"आँख मूँदकर मत लेना, बेटा," कान्होजीराव म्हणाले. "नीचे लेटकर देखना. टॉर्च लेकर."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.  ते कंपूच्या रस्त्याला लागले आणि समरजीत त्यांच्या मागे चालू लागला.

त्याला खरं तर बापाचा अभिमान वाटायला हवा होता. त्याऐवजी संताप आला, इतका की रडू आलं. भितरवारच्या परक्या पोराला जे एका दमात सांगितलं ते पोटच्या पोराला सांगायला या माणसाची जीभ का वळली नाही? आपल्याला आधीच बोनेट उघडू दिलं असतं तर आज सकाळी आणखी एखादी गाडी बघून झाली असती. खिशातला फोन वाजला. गरिमाचं नाव होतं. ती विचारणार होती, कुंकू लावलं का, आणि कुंकू तर लावलं होतं. त्यानं फोन वाजू दिला.

हॉस्पिटलच्या भिंतीपाशी कान्होजीराव थांबले. भिंतीला हात टेकून उभे राहिले. रिक्षावाले ओरडत होते, औषधांच्या दुकानांपुढे रांगा होत्या, आणि या सगळ्या गर्दीत म्हातारा एकदम लहानखुरा दिसत होता. खोल्या सोडायच्या ठरल्या, कागद झाले, रक्कम आली, तरी त्यांनी त्या बाबतीत एकदाही काही विचारलं नव्हतं. त्यांच्या मनात कुठेतरी असावं, की काही झालंच तर राजे आहेत.

"समर," ते म्हणाले, "आता आपण राहायचं कुठे रे?"

समरजीतचा राग तिथल्या तिथे विरला आणि त्या जागी काहीच राहिलं नाही. त्यानं उत्तर शोधलं. पिशवी अजून छातीशी होती, सोमवार परवावर आला होता, आणि भरवशाची एकही गाडी त्याला शहरात माहीत नव्हती.

"माहीत नाही, आबा," तो म्हणाला, आणि बापाचा दंड धरून त्यानं रस्ता ओलांडला.